फिक्स रेटचं सर्व्हिस पॅकेज घ्यावं का? इंदूरच्या एकाच वर्कशॉपमध्ये दोन गाड्यांचा अनुभव

आमच्या घरी एकाच कंपनीच्या, एकाच मॉडेलच्या दोन पेट्रोल गाड्या आहेत. एक माझी, एक सासऱ्यांची म्हणजे बाबांची. दोन्हींची सर्व्हिसिंग देवास नाक्याकडच्या एकाच ऑथराइज्ड वर्कशॉपमध्ये होते. माझ्या गाडीला घेतानाच चार वर्षांचं फिक्स रेटचं पॅकेज (सर्व्हिसिंगचे पैसे एकदम आगाऊ भरायचे) घेतलं होतं आणि बाबांच्या गाडीचं मात्र नेहमीसारखं, जायचं, जे बिल होईल ते भरायचं. त्यामुळे तुलना करायला याहून चांगली सोय नाही, गाडी तीच, ऑइल तेच, वर्कशॉप तेच, बऱ्याचदा गाडी ताब्यात घेऊन एस्टिमेट बनवणारा ऍडव्हायजरसुद्धा तोच. कंपनीचं आणि शोरूमचं नाव लिहीत नाहीये कारण थोड्याफार फरकाने सगळीकडे असंच चालतं आणि मला जे सांगायचंय ते कोणत्याही कंपनीच्या गाडीला लागू पडेल.

आधी निकाल सांगून टाकते म्हणजे ज्यांना घाई आहे त्यांनी इथेच थांबलं तरी चालेल. वर्षाला १० हजारांच्या आसपास किमी होत असतील, गाडी तीन-चार वर्षं विकायची नसेल आणि पॅकेजमध्ये ४० हजार किमीची मोठी सर्व्हिस धरलेली असेल तर घ्या. गाडी कमी चालते किंवा पॅकेज ३० हजार किमीवरच संपतं तर घेऊ नका. पैशांची बचत फार मोठी होत नाही, ते आकडे खाली दिलेत. खरा फायदा वेगळाच आहे, एस्टिमेटमध्ये ज्या वरच्या, म्हणजे कंपनीच्या शेड्यूलमध्ये नसलेल्या, वस्तू घुसतात ना, त्या पॅकेजवाल्या गाडीला घुसवणं अवघड जातं, आणि माझ्या मते शोरूमच्या सर्व्हिसिंगचा सगळा प्रश्न त्या वरच्या वस्तूंचाच आहे.

पॅकेजमध्ये काय येतं ते नीट समजून घ्या कारण विकताना सेल्सवाला 'मॅडम सब कुछ इन्क्लुडेड है' म्हणतो आणि सब कुछ कधीच नसतं. कंपनीच्या मेन्टेनन्स शेड्यूलमध्ये जे त्या त्या किलोमीटरला बदलायचं लिहिलंय तेवढंच येतं. म्हणजे इंजिन ऑइल, ऑइल फिल्टर, ड्रेन प्लगचं वॉशर, ठरलेल्या टप्प्यावर एअर फिल्टर, एसी फिल्टर, स्पार्क प्लग, ब्रेक ऑइल, कूलंट, आणि या सगळ्याचं लेबर. घासून संपणाऱ्या गोष्टी येत नाहीत, ब्रेक पॅड, क्लच, वायपर ब्लेड, टायर, बॅटरी, बल्ब. काही कंपन्या जास्त पैशांत ब्रेक पॅड-क्लचसकट मोठं पॅकेज देतात पण ते वेगळं आणि बरंच महाग. माझ्या पॅकेजमध्ये अलाइनमेंट-बॅलन्सिंग नव्हतं आणि हे मला ब्रोशरवरून नाही तर मागच्या पानावरच्या बारीक अक्षरातल्या टर्म्सवरून कळलं, म्हणून पैसे देण्याआधी ते पान मागून घ्या, व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला तरी चालेल पण वाचल्याशिवाय देऊ नका.

आता आकडे. मला दोन पर्याय दिले होते, तीन वर्षं किंवा ३० हजार किमी, सुमारे १५ हजार रुपये, आणि चार वर्षं किंवा ४० हजार किमी, सुमारे २३ हजार. पहिल्यांदा वाटतं तीन वर्षांचं स्वस्त आहे, पण शेड्यूलचं पान काढून बघा. आमच्या मॉडेलला १० हजार किमीपर्यंतच्या सर्व्हिसचं लेबर तसंही फ्री असतं, म्हणजे त्या सर्व्हिसला फक्त ऑइल-फिल्टरचे साडेतीन हजारांच्या आसपास होतात. २० हजार किमीला साडेसहा हजार, ३० हजार किमीला सहा हजार. म्हणजे तीन वर्षांचे होतात १६ हजार, आणि पॅकेज १५ हजारांचं. हजार रुपयांसाठी तीन वर्षं आधी पैसे कशाला द्यायचे? खरा खर्च येतो ४० हजार किमीला, प्लग, एअर फिल्टर, ब्रेक ऑइल, कूलंट सगळं एकदम, बिल १० हजारांच्या घरात जातं आणि तीन वर्षांचं पॅकेज बरोबर त्याच्या एक पायरी अलीकडे संपतं. चार वर्षांचं घेतलं तर २६ हजारांच्या जागी २३ हजार, म्हणजे तीनेक हजार वाचले आणि मधल्या काळात ऑइलचे, लेबरचे रेट वाढले ते आपल्याला लागले नाहीत.

एक गोष्ट मात्र शोरूममध्ये कोणी सांगत नाही. हे पॅकेज ते ऑन-रोड किमतीत टाकून लोनमध्ये धरून देतात, 'ईएमआय में पता भी नहीं चलेगा'. २३ हजारांवर ९ टक्क्यांनी ५ वर्षांत साडेपाच हजारांच्या वर व्याज जातं. म्हणजे तीन हजार वाचवायला साडेपाच हजार दिले. लोनमध्ये अजिबात टाकू नका, जमत असेल तर वेगळं भरा, नाहीतर सरळ नेहमीची सर्व्हिस करा. बऱ्याच ठिकाणी पॅकेज पहिल्या फ्री सर्व्हिसपर्यंतही घेता येतं, डिलिव्हरीच्या दिवशीच घ्यायला पाहिजे असं काही नसतं, त्या दिवशी आपण आधीच इन्शुरन्स, ॲक्सेसरीज, एक्स्टेंडेड वॉरंटी अशा दहा कागदांवर सह्या करत असतो आणि डोकं चालत नाही.

माझा मावसभाऊ मेलबर्नला असतो, त्याच्याशी बोलताना लक्षात आलं की तिकडे ज्याला कॅप्ड प्राइस सर्व्हिसिंग म्हणतात ते आपल्या पॅकेजहून बरंच वेगळं आहे. तिकडे कंपनी मॉडेलप्रमाणे, किलोमीटरप्रमाणे रेट वेबसाइटवर टाकते, या सर्व्हिसला जास्तीत जास्त एवढेच, आणि कंपनीच्या त्या योजनेतल्या कुठल्याही डीलरकडे गेलं तरी शेड्यूलच्या कामाचे त्याहून जास्त घेत नाहीत. आगाऊ काही भरायचं नाही, सर्व्हिस झाली की त्या दिवशी द्यायचे. कियाने तिकडे ७ वर्षांच्या वॉरंटीबरोबर ७ वर्षं असे रेट बांधले, मित्सुबिशीने २०२० पासून १० वर्षांपर्यंत. ब्रेक पॅड-टायर तिकडेही बाहेरच, पण गाडी मधेच विकली तर तुमचे पैसे कुठे अडकलेले नाहीत. आपल्याकडे जे मिळतं ते प्रीपेड आहे, रिस्क आपली. फोर्डने भारतात सर्व्हिस प्राइस प्रॉमिस नावाने आधीच रेट बघायची सोय काढली होती, पण २०२१ मध्ये त्यांनी इथलं गाड्या बनवणंच बंद करायचं जाहीर केलं. आता इतर कंपन्यांच्या वेबसाइटवरही सर्व्हिस कॉस्ट कॅल्क्युलेटर असतो, मॉडेल आणि शहर टाकलं की अंदाज येतो, पण तो अंदाजच, वर्कशॉप त्याला बांधलेलं नसतं. मला मनापासून वाटतं की आपल्याकडेही प्रीपेडपेक्षा हे असं कॅप पाहिजे, भिंतीवर बोर्ड लावून, या मॉडेलची २० हजाराची सर्व्हिस इतके रुपये, त्याच्या वर एक रुपया नाही. मेडिकलवर एमआरपी असते, पेट्रोल पंपावर रेट असतो, मग इथेच का नाही.

आता बाबांच्या गाडीकडे येऊ, कारण खरी गंमत तिथे आहे म्हणणार नाही, खरा त्रास तिथे आहे. बाबा रिटायर्ड, टिळक नगरात राहतो आम्ही, त्यांची गाडी राजवाडा, मंडई, सानंद या इथल्या मराठी संस्थेचं नाटक असलं की तिकडे, एवढीच चालते, वर्षाला चार-पाच हजार किमी. वर्षाची सर्व्हिस म्हणून टाकली की गाडी रिसीव्ह करतानाच ऍडव्हायजर टॅबवर एस्टिमेट बनवतो आणि ते ११ हजारांच्या आसपास निघतं. बाबांना आकडा ऐकून धक्का बसतो, पण समोरचा इतक्या आदराने अंकल अंकल करतो की ते सही करायला निघतात. मी बरोबर असले की म्हणते, बाबा, सही नंतर, आधी एकेक लाइन वाचू. आणि वाचायला लागलं की त्यातलं शेड्यूलप्रमाणे निघतं साडेपाच-सहा हजारांचं. बाकीचं सगळं वरचं. इंजिन फ्लशिंग (केमिकलने इंजिन आतून धुणं), फ्युएल इंजेक्टर क्लीनर, थ्रॉटल बॉडी (इंजिनात हवा सोडणारा भाग) क्लीनिंग, एसी डिसइन्फेक्शन, इंटेरियर एन्रिचमेंट म्हणजे आतली साफसफाई-पॉलिश, अंडरबॉडी कोटिंग, उंदीर पळवायचा स्प्रे, अलाइनमेंट-बॅलन्सिंग, वर कन्झ्युमेबल म्हणून काहीतरी. हे सगळं 'रेकमेंडेड' म्हणून आधीच टिक केलेलं असतं. खरं तर टिक आपण करायची असते, इथे ती त्यांनी आधीच केलेली आणि आपण काढायची, आणि काढताना आपल्यालाच अपराधी वाटावं असं बोलणं, 'अंकल गाड़ी की लाइफ के लिए बोल रहा हूँ'.

यातलं काय खरंच लागतं ते सांगते, कारण सगळंच फालतू आहे असं नाही आणि सरसकट नाही म्हटलं तर गाडीचंच नुकसान. अलाइनमेंट-बॅलन्सिंग लागतं. आपल्या रस्त्यांवर वर्षातून एकदा करावंच, गाडी एका बाजूला ओढत असेल किंवा ८० च्या वर स्टेअरिंग थरथरत असेल तर लगेच. पण ते शोरूममध्येच करायला पाहिजे असं काही नाही, टायरवाल्याकडे कमी पैशांत होतं. थ्रॉटल बॉडी क्लीनिंग तेव्हाच जेव्हा गाडी उभी असताना इंजिन वर-खाली करतंय किंवा सिग्नलवर बंद पडतेय. दरवर्षी ठरवून करायची गोष्ट नाही ती. इंजिन फ्लशिंग आमच्या मॅन्युअलमध्ये कुठेच नाही, वेळेवर ऑइल बदललेल्या इंजिनला त्याची गरज पडत नाही, जुनं ऑइल गरम असताना पूर्ण निथळू दिलं की पुरतं. डिकार्बनायझिंगचंही, म्हणजे इंजिनमध्ये साचलेला कार्बन काढण्याचंही तेच, चार-पाच हजार किमी वर्षाला चालणाऱ्या नव्या गाडीला ते सुचवतात हे मला पटत नाही. एसी डिसइन्फेक्शन म्हणजे बऱ्याचदा एक फोमचा कॅन मारतात, वास येत असेल तर ठीक, नाहीतर एसी फिल्टर वेळेवर बदला. अंडरबॉडी कोटिंग कोकणात, समुद्राकाठी गाडी असेल तर विचार करा, इंदूरला खारी हवा नाही. उंदरांचं मात्र खरं आहे, आमच्या सोसायटीत पावसाळ्यात दोन-तीन जणांच्या वायरिंग कुरतडल्यात, पण त्याला बॉनेटच्या आत जाळी लावलेली बरी, स्प्रेचा वास काही दिवसांत उडून जातो.

आणि इंजिन ऑइल किती लिटर लावलंय ते बघा. मॅन्युअलच्या शेवटच्या पानांत फिल्टरसकट किती लिटर लागतं ते लिहिलेलं असतं, एस्टिमेटमध्ये सिस्टिम कधी कधी वरचा पूर्ण आकडा धरते. अर्ध्या लिटरचा फरक म्हणजे अडीचशे-तीनशे रुपये. विचारलं की लगेच दुरुस्त करतात, वाद घालत नाहीत, पण विचारावं लागतं. ऑइलचा ग्रेडही विचारा, मॅन्युअलमध्ये जो दिलाय तोच, सिंथेटिक 'अपग्रेड' म्हणून महागडं टाकायची गरज नाही.

ऍडव्हायजर पोरांचं मला वाईटही वाटतं. त्यांना या व्हॅल्यू ऍडेड सर्व्हिसेसचं महिन्याचं टार्गेट असतं, दिवसाला ढीगभर गाड्या रिसीव्ह करायच्या, टार्गेट नाही झालं तर इन्सेन्टिव्ह गेला आणि वरून बोलणी. माझ्या गाडीच्या वेळी तोच मुलगा अगदी वेगळा वागतो. रजिस्ट्रेशन नंबर टाकला की सिस्टिममध्ये पॅकेज दिसतं, एस्टिमेट उघडतानाच शून्य दाखवतं, त्याच्या वर त्याला काही टाकायचं असेल तर मला वेगळं विचारून माझ्या मोबाइलवर ओटीपी घ्यावा लागतो. एवढ्याने सगळं बदलतं. शून्यावर एक वस्तू टाकली की ती उठून दिसते आणि मी विचारते हे कशाला, ११ हजारांत पाचशेची वस्तू कोणाला दिसतच नाही. म्हणून मी म्हणते पॅकेजचे तीन हजार वाचतात ते सोडा, दरवर्षी वरचे पाचेक हजार जे बाबांच्या गाडीला लावायचा प्रयत्न होतो आणि माझ्या गाडीला होत नाही, ते धरा. ज्यांना घासाघीस जमत नाही, ज्यांचे आईवडील एकटे जाऊन गाडी टाकतात, त्यांच्यासाठी पॅकेजचा हा फायदा फार मोठा आहे आणि तो कुठल्या ब्रोशरवर लिहिलेला नाही.

आता पॅकेजमधल्या उणिवा. माझी नोकरी पिथमपूरला, रोजचं जाणं-येणं, त्याशिवाय माहेर पुण्याचं, त्यामुळे सेंधव्याच्या पुढचा बिजासन घाट आणि राऊ-खलघाट रस्त्यावरचा गणपती घाट नेहमीचे. या उतारांवर ब्रेक पॅड सपाटून घासतात. ३० हजार किमीच्या आतच पुढचे पॅड बदलायला आले आणि ते पॅकेजच्या बाहेर, म्हणजे 'झिरो बिल' म्हणून गेलेल्या सर्व्हिसला पॅडचे आणि लेबरचे पैसे भरावेच लागले. यात शोरूमची चूक नाही, टर्म्समध्ये आहे, पण घाटातून नेहमी जाणाऱ्यांनी हा खर्च धरून ठेवावा. निदान २२ सप्टेंबर २०२५ पासून पार्ट्सवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आलाय, त्यामुळे पॅडसारख्या वस्तू आधीपेक्षा थोड्या स्वस्त पडतात. पॅकेजचे पैसे मी आधीच भरलेले, त्यात यातलं काही परत आलं नाही. प्रीपेडचं हे असं, रेट वाढले तर आपण वाचतो, कमी झाले तर बघत बसतो.

दुसरी उणीव धुळीची. एबी रोडवर बीआरटीएस (बससाठीची वेगळी लेन) काढायचं काम, मेट्रोचं काम, जिकडे बघाल तिकडे खोदकाम, शहर स्वच्छतेत पहिलं येतं तरी हवेतली बांधकामाची धूळ वेगळी. शेड्यूलमध्ये एअर फिल्टर दर सर्व्हिसला साफ करायचा आणि ४० हजार किमीला बदलायचा आहे. पण माझा २५ हजार किमीच्या आतच इतका काळा झाला होता की ऍव्हरेज कमी जाणवायला लागलं, आणि पॅकेजमध्ये तो वेळेआधी बदलून मिळत नाही. मी छोटी ग्वालटोलीतून कंपनीच्या पॅकिंगमधला फिल्टर आणला, क्लिप उघडून स्वतः लावला, पाच मिनिटांचं काम. कंपन्यांनी धुळीच्या शहरांसाठी शेड्यूल वेगळं ठेवायला पाहिजे. मॅन्युअलमध्ये 'सिव्हिअर कंडिशन' म्हणून एक तक्ता असतोही, धुळीत आणि सारखं थांबत-चालत गाडी चालवणाऱ्यांनी लवकर बदला असं त्यात लिहिलंय, पण पॅकेज साध्या तक्त्यावर चालतं.

कमी चालणाऱ्या गाडीला पॅकेज का नको तेही यातूनच येतं. किलोमीटर किंवा महिने, जे आधी होईल ते. बाबांच्या गाडीचे चार वर्षांत १८-२० हजार किमी होणार. ऑइल वर्षाने बदलावंच लागतं ते बरोबर, पण प्लग आणि एअर फिल्टर किलोमीटरवर असतात, ते चार वर्षांत येणारच नाहीत, आणि पॅकेजच्या किमतीत त्यांचे पैसे धरलेले असतात. शिवाय एखाद्या सर्व्हिसची तारीख ठरलेल्या मुदतीपलीकडे गेली की ती सर्व्हिस जाते, पैसे परत नाहीत. बाबा दर हिवाळ्यात दोन-तीन महिने नणंदेकडे बडोद्याला जातात, गाडी इथे कव्हर घालून उभी. अशा माणसाने पॅकेज घेऊ नये, पण मॅन्युअलचं शेड्यूलचं पान फोनमध्ये फोटो काढून ठेवावं. बाबांच्या फोनमध्ये मी ते टाकून दिलंय आणि आता ते स्वतःच दाखवतात, 'बेटा, इस पन्ने पे जो लिखा है उतना ही करना है'. गेल्या खेपेला ११ चं एस्टिमेट सहाच्या खाली आलं, कोणी आवाज चढवला नाही, कोणी काही बोललं नाही.

चांगली बाजू म्हणजे पॅकेज गाडीच्या नंबरला जोडलेलं असतं, शहराला नाही. एकदा पुण्यात असतानाच तारीख आली तर तिथल्या वर्कशॉपला टाकली, कुरबुर न करता केली. गाडी विकली तर पॅकेज पुढच्या मालकाकडे जातं असं माझ्या टर्म्समध्ये आहे, पण प्रत्येक कंपनीचं वेगळं असू शकतं, वाचून घ्या.

वॉरंटीबद्दल लोक फार घाबरलेले असतात म्हणून हेही लिहिते. 'बाहर सर्व्हिस करवाई तो वॉरंटी गई' हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल. बाजारातल्या स्पर्धेवर लक्ष ठेवणाऱ्या कॉम्पिटिशन कमिशनने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ कार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींच्या वर दंड लावला होता, त्या निकालात हेही होतं की स्पेअर पार्ट खुल्या बाजारात मिळाले पाहिजेत आणि बाहेरच्या गॅरेजमध्ये गेला म्हणून सरसकट वॉरंटी रद्द अशी अट घालता येणार नाही. बाहेरच्या कामामुळेच काही बिघडलं तर ती वेगळी गोष्ट. कंपन्या वरच्या कोर्टात गेल्या, आणि आजही प्रत्यक्ष शोरूममध्ये तुम्हाला तेच जुनं वाक्य ऐकू येतं. ऑस्ट्रेलियात याबाबतीत पुढे गेलेत, १ जुलै २०२२ पासून कंपन्यांना दुरुस्तीची माहिती बाहेरच्या गॅरेजवाल्यांनाही विकत द्यावीच लागते. आपल्याकडे सरकारने २०२२ च्या शेवटी राइट टू रिपेअरचं, म्हणजे दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल काढलं, गाड्याही त्यात आहेत. माझा व्यवहारी सल्ला, वॉरंटी आहे तोपर्यंत शोरूममध्येच करा, कारण क्लेमच्या वेळी भांडत बसायला कोणाकडे वेळ असतो, आणि वॉरंटी संपली की चांगला ओळखीचा मिस्त्री गाठा. बिल पक्कं घ्या दोन्हीकडे. आणि न विचारता काम करून पैसे लावले तर १९१५ वर ग्राहक हेल्पलाइनला तक्रार होते, नुसतं नाव काढलं तरी वर्कशॉपचा मॅनेजर बाहेर येऊन बोलतो, हे मी बघितलंय.

कामाच्या दर्जात दोन्ही गाड्यांत मला फरक दिसला नाही. पॅकेजवाल्या गाडीला हलकं काम करतात अशी लोकांची शंका असते, तसं काही जाणवलं नाही. ऑइलचा रंग, लेव्हल, फिल्टरवरची तारीख मी दरवेळी बघते, बरोबर असतं. टायर रोटेशन (टायरांच्या जागा आपसात बदलणं) चेकलिस्टवर टिक असतं आणि केलेलं नसतं हे मात्र दोन्ही गाड्यांना होतं, टायरवर खडूने खूण करून द्या म्हणजे कळेल. धुणं सुमार. शनिवारी टाकू नका, गर्दीत सगळं घाईने होतं, मंगळवार-बुधवारी सकाळी नऊला टाकली तर दुपारी दोनला मिळते आणि ऍडव्हायजर नीट बोलतो. जुने पार्ट डिकीत ठेवून द्या म्हणून जॉब कार्डवर लिहून घ्या. पिकअप-ड्रॉपचे पैसे पॅकेजमध्ये नाहीत, आणि ते घेतलं तर एस्टिमेट फोनवर येतं जिथे नाही म्हणणं अजून अवघड, त्यामुळे शक्यतो स्वतः जा.

माझं पॅकेज आता ४० हजाराच्या सर्व्हिसबरोबर संपतंय आणि पुढचं दोन वर्षांचं घ्या म्हणून फोन यायला लागलेत. मी त्यांना तीन गोष्टी ईमेलवर लिहून मागितल्यात, ५० आणि ६० हजाराला शेड्यूलप्रमाणे नेमकं काय काय बदलणार, त्याच गोष्टींचं आजच्या रेटने पॅकेजशिवाय बिल किती, आणि एखादी तारीख हुकली तर किती दिवसांची सवलत. ५० हजाराला आमच्या मॉडेलला ऑइल आणि फिल्टर सोडलं तर फारसं काही नाही, म्हणून तो आकडा बघूनच ठरवेन. तुम्हीही कुठल्याही शोरूममध्ये हेच तीन प्रश्न विचारा, आणि उत्तर फोनवर नको, लेखी घ्या.